तितर भुर्रकन उडतो आणि आमचा बादल सुटतो

पत्र : आम्ही बेसा भागात राहतो. आमच्याकडे दोन वर्षांचा इंग्लिश पॉइंटर आहे, नाव बादल. मित्राची बदली झाली तेव्हा तो आमच्याकडे आला. घरात अगदी शहाणा आहे, मुलीच्या हातून पोळीसुद्धा अलगद घेतो. पण सकाळी लेआउटच्या मागच्या पडीक प्लॉटांकडे नेलं की गवतात कुठेतरी वास लागतो आणि तो एक पाय उचलून, शेपटी ताठ करून जागीच थिजतो. बघत राहावंसं वाटतं. मग तितर भुर्रकन उडतो आणि हा सुटतो. मागच्या आठवड्यात असाच आउटर रिंग रोडपर्यंत गेला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. माझा मित्र म्हणतो, ‘एक डाव धरू दे ना बे त्याले, हौस फिटली की शांत होते.’ दुसरा म्हणतो, करंटचा पट्टा घाल. बायको म्हणते, बांधूनच ठेवा. आपल्याला शिकार तर करायचीच नाही, मग हे सगळं शिकवून उपयोग काय? आणि नसबंदी केली तर फरक पडेल का? – एक वाचक, नागपूर

भाऊ, आधी रिंग रोडचं बोलू. उद्या सकाळपासून बादल उघड्यावर मोकळा सुटता कामा नये. बाकीचं सावकाश करता येईल, हे मात्र आजच ठरवा. दहा ते पंधरा मीटरचा सुती दोर घ्या आणि तो हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत अडकवा, गळपट्ट्यात नाही. पंचवीस किलोचा कुत्रा पूर्ण वेगात असताना गळ्याला झटका बसला तर मान आणि श्वासनलिका दोन्ही दुखावतात. आपोआप गुंडाळली जाणारी फितीची साखळी या कामाला नको. ती सतत ताणलेली असते, त्यामुळे कुत्रा ओढायलाच शिकतो, आणि हातातला डबा सुटला तर तोच मागे खडखडत येऊन त्याला आणखी पळवतो. हातमोजे घाला, दोर मनगटाला गुंडाळू नका. बैल उधळला आणि कासरा हाताला गुंडाळलेला असला तर काय होतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मुलीच्या हातात तर दोर द्यायचाच नाही.

आता तो असं का करतो ते बघू. कुत्र्याच्या शिकारीत एक साखळी असते : शोधणं, नजर रोखणं, दबकत पुढे जाणं, धावणं, धरणं. पॉइंटर जातीत माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून यातला मधला भाग लांबवला. म्हणून वास लागताच तो थिजतो, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण पक्षी उठल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्याच्या रक्तात एकच आहे : पुढची कडी, म्हणजे धावणं. उडालेल्या पक्ष्यामागे न जाता उभं राहणं हे प्रत्येक पॉइंटरला शिकवावंच लागतं. जिथे बंदुकीने शिकार चालते त्या देशांतही लागतं, कारण मागे धावणारा कुत्रा छऱ्यांच्या वाटेत येतो. तेव्हा बादल उद्धट नाही आणि बिघडलेलाही नाही. त्याच्या अभ्यासातला हा धडाच कुणी घेतलेला नाही.

आणि रोज सकाळी नेमका उलटा धडा पक्का होतो आहे. तितर हाती लागत नाही म्हणून तो एक दिवस कंटाळेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं होत नाही. त्याची मजुरी धावण्यातच आहे, आणि दर वेळी ती रोख मिळते. तुम्ही मागून ओरडत धावता तेव्हा त्याच्या दृष्टीने मालकही सामील झालेला असतो. म्हणून दोर. तुमच्या पत्नी ‘बांधून ठेवा’ म्हणतात त्यात अर्धं बरोबर आहे. पाठलागाची संधी बंद व्हायलाच हवी, फक्त अंगणातल्या खांबाला बांधून नव्हे. दोन वर्षांचा पॉइंटर दिवसभर बांधला तर महिनाभरात तो भिंती खरवडेल आणि शेजारी तुमच्या दाराशी येतील.

मित्राच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहितो. एकदा धरू दिल्याने हौस फिटत नाही, लागते. आजवर त्याला धावण्याचीच गोडी आहे, उद्या धरण्याची लागेल. दुसरं म्हणजे कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मारण्यापुरती नाही. पाठलाग करवणं, हुसकावणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं तिच्यात येतं. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं. तितर, लावा, टिटवी हे सगळे रानपक्षी आहेत. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. बेसा-पिपळ्याकडच्या मोकळ्या जागांवर मोर दिसतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. कुत्रा चुकून सुटला म्हणून कुणी लगेच तुरुंगात जात नाही, पण ‘एक डाव धरू दे’ हे चुकून नसतं.

करंटचा पट्टा. परदेशात काही अनुभवी प्रशिक्षक तो वापरतात, तेही कुत्रा आधी दोरावर पूर्ण शिकल्यानंतर. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे. माझं मत त्याच्या विरोधात आहे आणि कारण अगदी व्यवहारी आहे : झटका बसला त्या क्षणी कुत्र्याच्या डोक्यात काय होतं, हे तुम्ही ठरवू शकत नाही. तुम्हाला वाटतं त्याने ‘धावलो म्हणून लागलं’ असं समजावं. त्याच्या नाकात तेव्हा तितराचा वास असतो, समोर कदाचित शेजारचं पोर सायकलवर असतं. पक्ष्याचा वास आला की मान फिरवून निघून जाणारे पॉइंटर असेच तयार होतात, आणि सायकल दिसली की गुरगुरणारेही. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला पट्टा आणि हातात पहिल्यांदाच रिमोट घेतलेला घाबरलेला मालक, ही जोडी मला कुठल्याच कुत्र्याच्या वाट्याला यायला नको आहे.

मग शिकवायचं काय? ‘थांब’ हा हुकूम बादलला घरात येत असेलही. पण माळावर तुम्ही तो कधी देता? पक्षी उडाल्यावर, कुत्रा सुटल्यावर, म्हणजे उशिरा. पंख फडफडल्यापासून पहिल्या उडीपर्यंत जेमतेम एक क्षण असतो आणि तेवढ्यात तुमच्या तोंडून शब्दही निघत नाही. म्हणून हुकूम तुमच्या तोंडून यायलाच नको, तो पक्ष्याकडून आला पाहिजे. पंखांची फडफड हीच त्याच्यासाठी ‘थांब’ झाली पाहिजे. सगळी मेहनत या एका गोष्टीसाठी आहे, आणि ती माळावर होत नाही. घरात सुरू होते.

घरातला पाट घ्या. पाट लहान पडला तर दोन बाय तीन फुटांची जाड फळी चालेल. बादल चारही पायांनी वर उभा राहिला की लगेच तोंडाशी खाऊ : उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा किंवा पनीर. पाटाला कडा असते, म्हणून ‘जागेवर’ म्हणजे कुठवर हे कुत्र्याला पायांनी कळतं. खाऊ नेहमी तुम्ही जाऊन द्यायचा. त्याला पुढे बोलावून दिला तर तो ‘थांबलो की पुढे जायचं’ असं शिकेल आणि सगळं मुसळ केरात. पॉइंटरला मी बसायला लावत नाही, उभाच ठेवतो, कारण पक्ष्यासमोर तो उभाच असतो. लॅब्रॅडोर किंवा स्पॅनियल असता तर बसवलं असतं. मोकळं करायचा शब्द वेगळा ठेवा, ‘चल’ चालेल. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. तुम्ही ‘थांब’, पत्नी ‘रुक’ आणि मुलगी ‘नो नो बादल’ म्हणत असाल तर तो बिचारा तिघांच्या तोंडाकडे बघत बसेल.

यातच शिट्टी आणा. एक लांब फुंक म्हणजे जागीच थांब. आपला आवाज घाबरला की चिरकतो, रागावला की वाढतो. शिट्टी रोज एकसारखी वाजते आणि वाऱ्यातही पोचते. आधी पाटावर, मग अंगणात पाटाशिवाय, मग गल्लीत चालताना. दिवसातून तीन-चारदा, दर वेळी पाच मिनिटं. याहून जास्त नको.

शिट्टीवर पाय आपोआप थांबायला लागले की मग फडफड. इथे घाई करू नका. एका माणसाला भिंतीआड उभं करा, हातात उन्हात बांधतो तो दुपट्टा द्या. बादल दोरावर, वीसेक पावलांवर. तो माणूस दुपट्टा जोरात झटकतो, फर्रर्र असा आवाज होतो. अर्ध्या सेकंदाने तुमची शिट्टी. कुत्रा थांबला की तुम्ही जाऊन खाऊ देता. क्रम कटाक्षाने असाच : आधी फडफड, मग शिट्टी, मग खाऊ. उलटं केलं, म्हणजे शिट्टी आधी आणि दुपट्टा नंतर, तर कुत्रा शिट्टीचीच वाट बघत राहील आणि फडफडीचा त्याच्या लेखी काहीच अर्थ उरणार नाही. दोन्ही एकदम झाले तरी तेच, कारण ओळखीच्या शिट्टीपुढे नवा आवाज त्याच्या कानात शिरतच नाही. मधली ती अर्ध्या सेकंदाची जागा सांभाळा. बरेच दिवस असं केलं की एके सकाळी दुपट्टा वाजेल आणि तुमची शिट्टी ओठाला लागायच्या आत बादल थांबून तुमच्याकडे वळून बघेल. त्या वेळी शिट्टी वाजवू नका. मूठभर खाऊ द्या आणि त्या दिवसाचा अभ्यास तिथेच संपवा.

मग दुपट्टा जवळ आणा, जागा बदला, जमिनीलगत झटका, झुडपातून वर फेका. चेंडू फेका, टोपी फेका. फेकलेली प्रत्येक वस्तू त्याने आणायची नाही. निम्म्याहून जास्त वेळा तुम्हीच जाऊन उचला आणि तो बघत उभा राहू दे. हवेत गेलेली प्रत्येक गोष्ट आपल्या मालकीची नसते, हे त्याला इथे कळतं. चेंडूमागे रोज शंभर वेळा धावणाऱ्या कुत्र्याला पक्ष्यामागे धावू नको म्हणणं अवघड जातं, म्हणून काही महिने चेंडूफेकीचा खेळ बंदच ठेवा. त्याऐवजी घरात खाऊ लपवून शोधायला लावा. पॉइंटरचं नाक दमलं की कुत्राही दमतो.

पुढची पायरी पक्ष्यांची, पण रानपक्ष्यांची नाही. शहरातल्या चौकांत लोक कबुतरांना दाणे टाकतात, त्या जागा यासाठी फार उपयोगी आहेत. थवा उठतो, बसतो, परत उठतो. चाळीस-पन्नास मीटर दूर, बादलला जेवढ्या अंतरावर खाऊ खायचं भान राहतं तिथे, त्याला उभं करा. थवा उठला, तो थांबला, खाऊ. थवा उठला, तो पुढे झुकला, तर अंतर कमी पडलं असं समजून मागे जा. त्याला रागावू नका. कबुतरांमध्ये मुद्दाम शिरून ती उडवायची नाहीत, गाड्या आणि माणसं ते काम करतातच.

जुन्या वस्त्यांत गच्चीवर कबुतरं पाळणारी हौशी माणसं अजून आहेत. कुणाशी ओळख निघाली तर उत्तम. घरी परतणारी पाळीव कबुतरं झाकणाच्या टोपलीत आणायची, झाकणाला लांब सुतळी बांधायची. टोपली गवतात ठेवून बादलला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणायचं, म्हणजे वारा टोपलीकडून त्याच्या नाकाकडे येतो. त्याने पॉइंट धरला, म्हणजे वासावर थिजून उभा राहिला, की मालकाने दुरून सुतळी ओढायची, कबुतर उडून थेट आपल्या गच्चीवर जातं. एका सकाळी दोन किंवा तीन कबुतरं, बस. सूर्य चांगला वर आल्यावर सोडायची, म्हणजे त्यांना घरी पोचायला दिवस पुरतो. पाय बांधलेलं, पंख कापलेलं, गरगर फिरवून गुंगवलेलं कबुतर वापरायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. ती क्रूरता आहेच, शिवाय लंगडत उडणारा पक्षी कुत्र्याला ‘हा धरता येईल’ असंच सांगतो. या पायरीवर दोराचं दुसरं टोक झाडाला किंवा खुंटाला बांधलेलं असू द्या. एकही कबुतर त्याच्या तोंडी लागलं तर महिनाभर मागे जाल.

आता तुमचा पडीक प्लॉट. इथे मात्र नियम वेगळा आहे. आपण तितर उडवायला जात नाही. फिरायला गेलो आणि तितर उठलाच, तर बादलने उभं राहायचं, एवढंच. तितराचा स्वभावही माहीत असू द्या. तो सहसा उडत नाही, पायांनी पळतो, झुडपाखालून झुडपाखाली जातो, दबून बसतो. अगदी पायाशी आलं तरच उडतो, आणि उडतो तो मोठ्या आवाजाने. त्यामुळे बादल पॉइंट धरून उभा असतो तेव्हा पक्षी बऱ्याचदा आधीच पुढे सरकलेला असतो. रानलावा याहून अवघड. त्यांचा थवा गोलाकार दबून बसतो आणि एकदम चहूदिशांना फुटतो. वर, सगळे एकाच वेळी उठतीलच असं नाही. पहिल्या फडफडीला थांबलेला कुत्रा मागे राहिलेला एखादा लावा पायाखालून उठला की हमखास सुटतो. म्हणून पहिला उडाला, बादल उभा राहिला आणि तुम्ही आनंदाने पुढे धावलात, असं करू नका. मनात दहा आकडे मोजा. मालक हलला की कुत्र्याला मोकळं झाल्यासारखं वाटतं.

त्याने पॉइंट धरला की त्याच्या मागून सरळ जाऊ नका. मागून पावलं आली की तो पुढे ढकलला जातो. बाजूने, त्याला दिसाल असं गोल फिरून जा. ‘शाब्बास, सांभाळ, सांभाळ’ असं कुजबुजायचा मोह आवरा. दोर गवतावर सैल पडलेला असू द्या, तुमचा पाय त्याच्यावर. इथून दोन शक्यता आहेत. पक्षी आपणहून उडाला आणि बादल थांबला : शांतपणे जवळ जा, कुशीवर हात ठेवा, खाऊ द्या, आणि मग ‘चल’ म्हणून पक्षी बसला होता ती जागा त्याला पोटभर हुंगू द्या. ही त्याच्यासाठी कोंबडीपेक्षा मोठी मेजवानी असते. नंतर पक्षी गेला त्याच्या उलट दिशेने निघा. किंवा तो सुटला : दोर धरा, तो हळूच थांबू द्या, झटका देऊ नका. न बोलता त्याला जिथे तो उभा होता नेमक्या त्याच जागी परत आणा, तिथे उभं करा, क्षणभर थांबा. खाऊ नाही, मारही नाही. दोन दिवस लागोपाठ सुटला तर माळ बंद, पुन्हा कबुतरांच्या चौकात.

आणि पाठलाग करून दमून परत आलेल्या कुत्र्याला कधीही मारायचं नाही. तो परत आल्याबद्दल मार खातोय असंच त्याला कळतं. पुढच्या वेळी रिंग रोडच्या पलीकडे उभा राहून तो तुमच्याकडे बघेल आणि येणार नाही.

खरी कसोटी मात्र मी वेगळीच मानतो. बादल पॉइंट धरून उभा आहे, पक्षी समोर दबलेला आहे, आणि तुम्ही शिट्टीच्या दोन छोट्या फुंका मारून त्याला मागे वळवलंत, पक्षी उडालाच नाही. आपल्यासाठी यापेक्षा मोठं यश नाही. बंदूकवाल्यांना पक्षी उडवायचा असतो, आपल्याला नाही. म्हणून मागे वळण्याचा सराव दुपट्ट्याच्या दिवसांपासूनच करा, आणि वळून आला की सगळ्यात चांगला खाऊ त्याच वेळी द्या.

‘शिकार नाही तर उपयोग काय’ असं तुम्ही विचारलंत. पहिला उपयोग ट्रकवाल्याने तुम्हाला दाखवला आहे. दुसरं, बंदूक नसतानाही या कुत्र्यांच्या नाकावर मोठी कामं चालतात. स्कॉटलंडच्या माळरानांवर ग्राउस पक्ष्यांची मोजणी पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांच्या मदतीने होते. न्यूझीलंडच्या फिओर्डलंड भागात रिचर्ड हेन्री यांनी १८९० च्या दशकातच काकापो आणि किवी हे न उडणारे पक्षी शोधायला कुत्रा नेला होता, तोंडाला मुसकी बांधून, पक्षी वाचवण्यासाठी. तुम्ही असं काही इथे स्वतःहून सुरू करू नका, वन विभागाच्या परवानगीशिवाय ते बेकायदाच ठरेल. पण उडत्या पक्ष्यासमोर स्थिर उभा राहणारा कुत्रा म्हणजे शिकाऱ्याचाच कुत्रा, हा समज सोडा.

वेळेचं गणित नागपूरनेच आपल्यासाठी सोपं केलं आहे. एप्रिल ते सप्टेंबर हा तितर आणि टिटवीच्या घरट्यांचा मोठा काळ, अंडी उघड्या जमिनीवर किंवा गवताच्या बुडाशी. त्या महिन्यांत माळाकडे दोरासकटही जाऊ नका. तसाही मे महिन्यात पारा ४५ च्या पार असतो, सकाळी आठनंतर डांबराला पाय लागत नाही, आणि धापा टाकूनच अंग थंड करणारा कुत्रा पळता पळता उष्माघाताने कोसळू शकतो. तेव्हा उन्हाळा-पावसाळा घरातला, पाटाचा आणि दुपट्ट्याचा. माळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवाळीचे फटाके पूर्ण थांबल्यावर. फटाक्यांच्या आठवड्यात काहीच शिकवू नका. ‘आवाजाला घाबरतो का ते बघू’ म्हणून लवंगी फोडणारा एखादा भाचा असतो, त्याला लांब ठेवा. गार, ओलसर सकाळी गवतात वास टिकून राहतो, त्यामुळे त्याचं कामही चांगलं होतं.

जागा निवडताना शेतकऱ्याला विचारून धुऱ्याने चाला. फवारणी झालेल्या कपाशीत नेऊ नका, कुत्रा घरी येऊन पाय चाटतो. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडलेला असतो, कुठे फासे लावलेले असतात, म्हणून अंधारात अजिबात नाही. गोरेवाड्याच्या बाजूला तर कुत्र्याला नेण्याचा विचारही नको. तिथे बिबट्या आहे, आणि कुत्र्यांचे आजार जंगली प्राण्यांना लागतात ते वेगळंच. डिस्टेंपरची लस वेळेवर द्या. गवताळ भागात घोणस असते, दोर आखूड धरा. घरी आल्यावर कुसळं बघायची : कानात, बोटांच्या बेचक्यात, काखेत. कुसळ आत शिरलं की पुढे सरकतच जातं आणि गळू होतं. गोचिडीही तेव्हाच काढा.

नसबंदीचं विचारलंत. पाठलागाची ओढ त्याने कमी होत नाही, ती नराच्या संप्रेरकांवर चालत नाही. मादीच्या मागे भटकणं कमी होऊ शकतं. इतर कारणांसाठी करायची की नाही, हे सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा. आणि तिथे गेलातच तर बादलचे कान तपासून घ्या. आतापर्यंत तो गवतात मोकळाच फिरला आहे.